गाडी कोणाच्या नावावर आहे?

जून २०२५ मध्ये जिल्हा रुग्णालयांतील डायलिसिस केंद्रांची स्थिती पाहण्यासाठी मी झारखंडात फिरत होतो. रांचीहून गुमल्याला जाताना ज्यांच्या मोटारीत मला जागा मिळाली, ते वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीचे सेवा अभियंता होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी वीस वर्षांची आणि निम्म्या राज्यातील यंत्रांची जबाबदारी एकट्याच्या अंगावर. मागच्या आसनावर सुट्या भागांची खोकी, केबलची वेटोळी, मोजमापाची उपकरणे आणि घडी घातलेली एक सतरंजी होती. यंत्र रात्री बंद पडले तर रात्रीच निघावे लागते आणि काम लांबले तर रुग्णालयाच्याच व्हरांड्यात पाठ टेकावी लागते, म्हणून ती सतरंजी. गाडी त्यांची स्वतःची. हप्ता त्यांचा, विमा त्यांचा, टायर त्यांचे. वर्षाला सुमारे तीस हजार किलोमीटर ती धावते. त्यातले घरच्या कामाचे किती, असे विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "छठपूजेला बायकोला माहेरी नेतो, तेवढेच."

बोलता बोलता विषय आयकरावर आला. त्यांना नुकताच एक धक्का बसला होता. आदल्या वर्षीच्या विवरणपत्रात त्यांनी गाडीवर झालेला सुमारे तीन लाखांचा खर्च कामासाठीचा भत्ता म्हणून करमुक्त दाखवला होता. खर्च खरा होता, गाडीच्या खणात किलोमीटरची नोंदवही होती, पेट्रोलची बिले होती. परंतु कंपनीने दिलेल्या फॉर्म १६ मध्ये असा कोणताही भत्ता नव्हता. तिथे 'विशेष भत्ता' एवढेच शब्द होते आणि विशेष भत्ता पूर्णतः करपात्र असतो. विवरणपत्र आणि फॉर्म १६ यांत तफावत असल्याचा संदेश आला, सनदी लेखापालाने मान हलवली आणि या गृहस्थांनी अद्ययावत विवरणपत्र भरून कर, व्याज आणि त्यावर २५ टक्के अतिरिक्त कर चुकता केला. "मी चोरी केली असे मला वाटत नाही," ते म्हणाले, "पण पैसे मात्र चोरासारखे गुपचूप भरले."

त्यानंतर महिन्याभरातच, १४ जुलै २०२५ रोजी, आयकर विभागाने देशभर सुमारे १५० ठिकाणी बनावट वजावटींविरुद्ध मोठी मोहीम उघडली. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे सरकारने त्या वेळी जाहीर केले. मोहीम आवश्यकच होती. परताव्यातील वाटा घेऊन वाट्टेल ती वजावट दाखवून देणाऱ्या दलालांचा सुळसुळाट झाला होता, हे कोणीही नाकारणार नाही. तथापि मागे घेतलेला प्रत्येक दावा खोट्या खर्चाचा असतोच असे नाही, हे मला गुमल्याच्या वाटेवर समजले. खर्च खरा असूनही दावा अमान्य ठरण्याची एक पद्धतशीर व्यवस्था आपल्या कायद्यात आहे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असून त्याखालचे नियम २०२५ मध्ये लिहिले जात होते. ही व्यवस्था तपासून पाहण्याची वेळ म्हणूनच तेव्हाची होती.

मुळात तत्त्व साधे आहे. उत्पन्न मिळवण्यासाठी जो खर्च करावाच लागतो, तो वजा जाता जे उरते त्यावर कर. व्यापारी, डॉक्टर, वकील यांना हे तत्त्व लागू आहे. १९६१ च्या कायद्यानुसार डॉक्टरांनी दवाखान्याच्या कामासाठी मोटार घेतली तर तिच्यावर दरसाल १५ टक्के घसारा मिळत असे. इंधन, दुरुस्ती, विमा, कर्जावरील व्याज हे सारे खर्चात जाते. गाडी घरच्या कामालाही वापरली जात असेल, तर त्या कायद्याच्या कलम ३८ नुसार करनिर्धारण अधिकारी वाजवी प्रमाणात कपात करत असे. व्यवहारात बहुधा पाचवा किंवा सहावा हिस्सा खासगी वापराचा धरून वाद मिटतो. पद्धत ओबडधोबड आहे, पण तिच्यात एक न्याय आहे: दावा खर्च करणाऱ्याचा असतो आणि त्याची शहानिशा त्याच्याशीच होते.

पगारदाराला असा दावाच नाही. त्याच्यासाठी १९६१ च्या कायद्यात कलम १० च्या पोटकलम १४ मध्ये एक खिडकी होती. नोकरीतील कर्तव्य पार पाडताना वाहनावर होणाऱ्या खर्चासाठी दिलेला भत्ता, प्रत्यक्ष खर्च झाला असेल तेवढ्यापुरता करमुक्त असतो. नव्या करप्रणालीतही ही सवलत शाबूत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र तिथे एक अट दडलेली आहे. तो भत्ता मालकाने त्या कारणासाठी 'विशेषकरून दिलेला' असला पाहिजे. मालकाने तो शब्द पगारपत्रकात लिहिला नाही, तर तुमची नोंदवही, तुमची बिले, तुमचे झिजलेले टायर, कशालाही अर्थ नाही.

एका शब्दाची किंमत किती असावी? रांचीच्या अभियंत्यांचे वार्षिक वेतन १५ लाख रुपये धरा आणि त्यातील तीन लाख हे फिरण्याच्या खर्चापोटी आहेत असे समजा. २०२५-२६ या आर्थिक वर्षात, नव्या प्रणालीनुसार, हे तीन लाख 'विशेष भत्ता' या नावाने आले तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १४ लाख २५ हजार राहते आणि उपकरासह ९७ हजार ५०० रुपये कर बसतो. हेच तीन लाख 'वाहन भत्ता' या नावाने आले आणि खर्चाचा हिशेब पुरा असला, तर करपात्र उत्पन्न सव्वाअकरा लाखांवर येते, म्हणजे १२ लाखांच्या आत; आणि कर शून्य. माणूस तोच, गाडी तीच, रस्ता तोच. फरक मनुष्यबळ विभागाच्या संगणकातील एका रकान्याचा.

१२ लाखांपर्यंत कर नाही म्हटल्यावर हा प्रश्न संपला, असे मला दिल्लीतील एका माजी महसूल अधिकाऱ्यांनी सांगितले. मोटारसायकलवर फिरणारा औषधविक्रेता किंवा सूक्ष्मवित्त संस्थेचा वसुली कर्मचारी यांच्यापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यांतील बहुतेकांना आता आयकर लागतच नाही. पण मर्यादा जितकी ठळक, तितका तिच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाचा एकेक रुपया मोलाचा. वरचे उदाहरण त्याच काठावरचे आहे.

आता याच देशातील दुसरी गाडी पाहा. माझे एक महाविद्यालयीन मित्र गुरुग्राममध्ये एका मोठ्या कंपनीत वरिष्ठ पदावर आहेत. त्यांच्याकडे भलीमोठी डिझेल गाडी आहे, ती कंपनीने भाडेपट्ट्याने घेतलेली. मासिक भाडे सुमारे ४० हजार, इंधन १२ हजार, चालकाचा पगार २० हजार. एकूण ७२ हजार रुपये त्यांच्या वार्षिक वेतनाच्या आकड्यातूनच कंपनी वळते करते. हे मित्र आठवड्यातील तीन दिवस घरून काम करतात. गाडी मुलांना शाळेत सोडते, शनिवारी क्लबात जाते आणि दिवाळीत जयपूरला. अधूनमधून विमानतळावर आणि एखाद्या ग्राहकाच्या कचेरीतही जाते. तेवढ्याने कायद्याच्या भाषेत तिचा वापर 'अंशतः कार्यालयीन, अंशतः खासगी' ठरतो.

अशा गाडीच्या सुविधेचे मूल्य किती धरायचे, हे २०२५ मध्ये आयकर नियमावलीतील नियम ३ मध्ये लिहिलेले होते. इंजिन १.६ लिटरपर्यंतचे असेल तर महिन्याला १,८०० रुपये, त्याहून मोठे असेल तर २,४०० आणि चालक असेल तर आणखी ९०० रुपये. म्हणजे माझ्या मित्राच्या करपात्र उत्पन्नात या गाडीपोटी महिन्याला ३,३०० रुपयांची भर पडत होती, वर्षाला ३९ हजार ६००. त्यांचा सर्वोच्च दर उपकरासह ३१.२ टक्के धरला तर गाडीवरचा कर होतो सव्वाबारा हजारांच्या थोडा वर. हेच ८ लाख ६४ हजार रुपये त्यांना पगार म्हणून मिळाले असते, तर कर २ लाख ६९ हजारांच्या पुढे गेला असता. वर्षाला अडीच लाखांहून अधिक बचत, आणि मुदत संपल्यावर उरलेल्या किमतीत गाडी घरी. यात बेकायदा काही नाही. मित्राने मला हे सारे मोकळेपणाने, किंचित अभिमानानेच सांगितले.

नियम ३ चा पुढचा भाग वाचला तेव्हा मी तो दोनदा वाचला. गाडी कर्मचाऱ्याच्या मालकीची असेल आणि इंधन-दुरुस्तीचा खर्च मालक देत असेल, तर मिश्र वापरासाठी तिथेही आकडा १,८०० रुपयांचाच होता. पण तिथे तो उलटा चालत होता. कंपनीच्या गाडीत १,८०० रुपये करपात्र आणि बाकी सर्व करमुक्त. स्वतःच्या गाडीत १,८०० रुपये करमुक्त आणि बाकी सर्व करपात्र. कंपनीने स्वतःच्या गाडीवर महिन्याला १५ हजारांचे इंधन घातले तर कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात १,८०० धरले जात; तेच १५ हजार कर्मचाऱ्याच्या गाडीच्या इंधनापोटी दिले, तर १३ हजार २०० धरले जात. आरसी बुकावर नाव कोणाचे आहे, यावर सारे ठरते.

यापेक्षा अधिक खर्च कामासाठी झाला असे सांगायचे असेल, किंवा गाडी पूर्णपणे कामासाठीच वापरली असे म्हणायचे असेल, तर त्याचीही सोय आहे. प्रत्येक प्रवासाची तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची संपूर्ण नोंद मालकाने ठेवायची आणि हा खर्च केवळ कार्यालयीन कामासाठी झाला असे प्रमाणपत्र मालकानेच द्यायचे. म्हणजे गाडी जितकी जास्त कामाला लावाल, तितके कागद जास्त. क्लबात जाणाऱ्या गाडीला ठरावीक आकडा लावून मोकळे करायचे आणि डायलिसिसचे यंत्र दुरुस्त करायला जाणाऱ्या गाडीकडून किलोमीटरगणिक हिशेब मागायचा, असा हा प्रकार आहे. हिशेब मागण्याला माझा आक्षेप नाही. तो कोणाकडून मागितला जातो आणि कोणाकडून नाही, याला आहे.

कंपन्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. रांचीच्या अभियंत्यांच्या मुख्यालयातील एका अधिकाऱ्याने मला फोनवर सांगितले की, त्यांनी पूर्वी वाहन भत्ता वेगळा दाखवून पाहिला होता. शेकडो लोकांच्या नोंदवह्या दरमहा तपासायच्या, प्रमाणपत्रावर सही करायची, आणि पुढे एखाद्या अधिकाऱ्याला ते पटले नाही तर कमी कर कापल्याबद्दल कसूरदार कंपनीच ठरायची. त्यापेक्षा सगळे 'विशेष भत्ता' या एकाच पोत्यात टाकलेले बरे. कंपनीला कर भरावा लागत नाही, तो कर्मचारी भरतो. मग जोखीम कंपनीने का घ्यावी? हा हिशेब थंड आहे, पण चुकीचा नाही. ज्याचे नुकसान होते त्याच्या हाती दावा नाही आणि ज्याच्या हाती दावा आहे त्याचे नुकसान होत नाही, अशी रचना केल्यावर दुसरे काय घडणार?

हे असेच होते, असेही नाही. १९६१ च्या मूळ कायद्यात कलम १६ खाली एक तरतूद होती. ज्या पगारदाराला वाहन भत्ता मिळत नाही आणि जो स्वतःचे वाहन नोकरीच्या कामासाठी वापरतो, त्याला त्या वाहनाच्या देखभालीचा आणि झिजेचा खर्च, आयकर अधिकाऱ्याच्या अंदाजाप्रमाणे, वजा मिळत असे. भत्ता मिळत नाही त्यालाच ही वजावट होती, हे ध्यानात घ्यावे. कायद्याच्या पहिल्या मसुदाकारांना आपल्या रांचीच्या गृहस्थांची ओळख होती, असे म्हणावेसे वाटते.

१९७४ च्या अर्थसंकल्पात ही आणि अशा इतर किरकोळ वजावटी एकत्र करून त्यांच्या जागी प्रमाणित वजावट आणली गेली. अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्या अर्थसंकल्पाची आठवण आज निघते ती सर्वोच्च करदर ९७.७५ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर आणल्याबद्दल, पण मला त्यातील एक बारीक कलम अधिक महत्त्वाचे वाटते. प्रमाणित वजावटीची कमाल मर्यादा ३,५०० रुपये ठेवली होती. मात्र ज्या कर्मचाऱ्याला मालकाकडून वाहन भत्ता मिळतो किंवा खासगी वापरासाठीही मोटार अथवा स्कूटर मिळते, त्याला ती १,००० रुपयांहून अधिक मिळणार नाही, असा अपवाद होता. कंपनी गाडी देते त्याला सवलत कमी, स्वतःची गाडी वापरतो त्याला जास्त. २०२५ मधील नियमाच्या नेमके उलट. पुढे हा अपवाद गळून पडला. बारीक अक्षरातील कलमे गळतात तेव्हा सहसा आवाज होत नाही.

पुढचा इतिहास धरसोडीचा आहे. २००५ साली पी. चिदंबरम यांनी प्रमाणित वजावटच काढून टाकली आणि त्याच वर्षी मालकांवर अनुषंगिक लाभ कर लावला, ज्यात कंपनीच्या मोटारींवरील खर्चाचा एक भाग सुविधा मानून त्यावर मालकानेच कर भरायचा होता. उद्योगजगताने त्याविरुद्ध इतका ओरडा केला की २००९ साली प्रणव मुखर्जी यांनी तो रद्द केला. २०२५ मध्ये चालू असलेले १,८०० आणि २,४०० चे आकडे त्याच वेळचे, डिसेंबर २००९ च्या अधिसूचनेतील. तेव्हा दिल्लीत पेट्रोल लिटरमागे ४५ रुपयांच्या आसपास होते. २०२५ मध्ये ते ९४ च्या वर होते. २०१८ साली अरुण जेटली यांनी प्रमाणित वजावट परत आणली ती ४० हजारांची, पण त्यासाठी १९ हजार २०० रुपयांचा करमुक्त प्रवास भत्ता आणि १५ हजारांचा वैद्यकीय परतावा काढून घेतला. निव्वळ लाभ ५,८०० रुपयांचा. ती वजावट पुढे ५० हजार आणि नव्या प्रणालीत २०२४ साली ७५ हजार झाली. घरी बसून संगणकावर काम करणाऱ्याला ७५ हजार आणि तीस हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्यालाही ७५ हजार.

न्यायालयांचा दरवाजा ठोठावून झाला आहे. आयुर्विमा महामंडळाचे विकास अधिकारी हे स्वतःच्या वाहनाने गावोगाव फिरून व्यवसाय मिळवणारे पगारदार. विक्रीवर मिळणाऱ्या प्रोत्साहन बोनसातून फिरण्याचा खर्च वजा व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत वर्षानुवर्षे हा वाद चालला, काही ठिकाणी त्यांना दिलासाही मिळाला. अखेर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बोनस हा वेतनाचाच भाग असून वेतनातून कायद्याने सांगितलेल्या वजावटींपलीकडे काहीही वजा होणार नाही. कायदा जसा आहे तसा वाचला तर निकाल बरोबरच म्हणावा लागेल. कायदा तसा का आहे, हा प्रश्न न्यायालयाचा नव्हता.

आता माझ्या स्वतःच्या बाबतीत. या विषयात मी निष्कलंक नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ज्या वर्तमानपत्रात मी वार्ताहर होतो, तिथे दरमहा ठरावीक रकमेची पेट्रोल बिले दिल्यावर तेवढे पैसे मिळत. माझी स्कूटर तितके पेट्रोल पीत नसे. कचेरीजवळच्या पंपावरील मुलगा ग्राहकांनी टाकून दिलेली बिले जपून ठेवी आणि महिनाअखेरीस आम्हा चार-पाच जणांना वाटून देई. त्याला चहापाणी मिळे. लेखा विभागाला बिले हवी होती, पेट्रोलशी त्याला कर्तव्य नव्हते. म्हणूनच, पगारदाराला वाहनखर्चाचा थेट दावा करू दिला तर खोट्या बिलांचा पूर येईल, ही महसूल अधिकाऱ्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. त्या पुरात मी पोहलो आहे.

पण बिलांवर आधारलेली पद्धत हाच त्या पुराचा उगम होता, हेही मी पाहिले आहे. किलोमीटरवर आधारलेली पद्धत वेगळी असते. ब्रिटनमध्ये स्वतःची मोटार कामासाठी वापरणाऱ्याला वर्षातील पहिल्या दहा हजार मैलांसाठी मैलाला ४५ पेन्स आणि त्यापुढे २५ पेन्स करमुक्त मिळू शकतात. मालकाने त्यापेक्षा कमी दिले, तर उरलेल्या फरकाची वजावट कर्मचारी स्वतः मागू शकतो. हा ४५ चा दर २०११ पासून हललेला नाही आणि त्याबद्दल तिथे तक्रारी आहेत. तरीही दावा कर्मचाऱ्याचा आहे, ही गोष्ट मोलाची. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथे पगारदारांची अशी वजावट २०१८ पासून स्थगित होती आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमची बंद झाली. मात्र कॅलिफोर्नियासारख्या राज्यात, कामासाठी कर्मचाऱ्याच्या खिशातून झालेला आवश्यक खर्च मालकाने भरून दिलाच पाहिजे, असा कामगार कायदा आहे. एका देशात हक्क करखात्याकडे मागायचा, दुसऱ्याच्या त्या राज्यात मालकाकडे. आपल्याकडे पगारदाराने तो कोणाकडेही मागायचा नाही.

किलोमीटरचा दर आपल्या सरकारला ठाऊक नाही असेही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी २०१७ साली निघालेल्या प्रवास भत्त्याच्या आदेशात, जिथे स्थानिक परिवहन खात्याने दर ठरवलेले नाहीत तिथे स्वतःच्या मोटारीसाठी किलोमीटरला २४ रुपये आणि स्कूटरसाठी १२ रुपये असा स्पष्ट दर होता. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की तो २५ टक्क्यांनी वाढेल, अशी सोयही होती. म्हणजे सरकार मालक असते तेव्हा त्याला किलोमीटर मोजता येतो, महागाईसुद्धा दिसते. तेच सरकार कर गोळा करायला बसले की २०२५ मध्येही २००९ चे तक्ते काढत होते. त्या तक्त्यातली भाषाही जुनी झाली होती. मूल्य ठरत होते ते इंजिनाच्या घनक्षमतेवर. विजेवर चालणाऱ्या मोटारीला इंजिनच नाही, मग तिला कोणत्या रकान्यात बसवायचे हे तक्ता सांगत नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला, तिथे पेट्रोलवरील छोटी मोटार म्हणजे १,२०० घनसेंटिमीटरपर्यंतची. आयकरात ती रेषा १,६०० वर आहे.

व्यक्तीला थेट वजावट देण्याचे आपल्याला वावडे आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. २०१९ साली सरकारला विजेच्या गाड्या वाढवायच्या होत्या. तेव्हा कलम ८०-ईईबी आणून, १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर दीड लाख रुपयांपर्यंतची वजावट थेट व्यक्तीला दिली. पगारदार असो वा नसो, गाडी कामाला लावा किंवा सहलीला न्या, मालकाच्या प्रमाणपत्राची गरज नव्हती. इच्छा होती, म्हणून मार्ग निघाला.

माझी मागणी यापेक्षा बरीच लहान आहे. घरून कचेरीला जाण्या-येण्याच्या खर्चाला वजावट द्यावी, असे मी म्हणणार नाही. जर्मनीत ती अंतरानुसार मिळते. पण आपल्या गुदमरलेल्या शहरांत स्वतःची मोटार घेऊन निघण्याला आणखी उत्तेजन कशाला? मी बोलतो आहे ते केवळ कर्तव्यासाठी, कचेरीपासून पुढे करावी लागणारी धाव याबद्दल. नव्या नियमांत सरकारने स्वतःचाच किलोमीटरचा दर आधार धरावा, वर्षाला एक कमाल मर्यादा घालावी, आणि मालक त्यापेक्षा कमी देत असेल किंवा भलत्याच नावाखाली देत असेल, तर फरक मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याला त्याच्या विवरणपत्रात द्यावा. मालकाने फक्त एवढेच सांगावे की या पदावरील माणसाला फिरावे लागते आणि आम्ही त्याला वाहन दिलेले नाही. बाकीची शहानिशा अवघड नाही. फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून महामार्गावरील प्रत्येक नाक्याची वेळ नोंदलेली असते, इंधनाचे पैसे बहुतेक जण मोबाइलवरून देतात, दुरुस्ती केंद्राच्या पावतीवर किलोमीटरचा आकडा असतो. १५० ठिकाणी छापे घालू शकणाऱ्या यंत्रणेला एवढे जुळवून पाहणे जमू नये?

यातून महसूल बुडेल, हा आक्षेप येईल. काही बुडेल. पण भाडेपट्ट्याच्या गाड्यांवर आज जो सोडला जातो आहे, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. २००९ चे १,८०० आणि २,४०० नुसते आजच्या इंधनदराला जुळवून घेतले, तरी खर्च भागवायला पुष्कळ मदत होईल. माझे गुरुग्रामचे मित्र हे वाचून रागावतील. त्यांच्याकडे पुढच्या खेपेला टॅक्सीने जाईन.

आणखी एक परिणाम मला या आकड्यांहून गंभीर वाटतो. ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात रांचीहून फोन आला. कंपनीने क्षेत्रीय अभियंत्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला आहे: नोकरी सोडा आणि सल्लागार म्हणून करार करा, रक्कम तीच, वर्षाला १५ लाख. अभियांत्रिकी हा १९६१ च्या कायद्यातील कलम ४४-एडीए खालचा व्यवसाय असल्याने सल्लागाराला एकूण जमेच्या निम्मे, म्हणजे साडेसात लाख, गृहीत उत्पन्न दाखवता येते. नोंदवही नको, बिले नकोत, प्रमाणपत्र नको, आणि बारा लाखांच्या आत असल्याने करही नाही. तोच माणूस तीच गाडी घेऊन त्याच रुग्णालयांत जाईल. फक्त पगारदार नसेल. भविष्य निर्वाह निधी थांबेल, पुढची ग्रॅच्युइटी थांबेल, कंपनीचा आरोग्य विमा जाईल आणि रात्रीच्या घाटात काही घडले तर तो कंपनीचा माणूस नसेल.

"साडेसत्त्याण्णव हजार वाचतात, सर," ते म्हणाले. थोडे थांबून त्यांनी विचारले की नव्या नियमांत काही येईल का. अजून कळलेले नाही, असे मी सांगितले. त्यांनी कंपनीकडे एप्रिलपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. पलीकडून गाडीचे दार लागल्याचा आवाज आला. सिमडेग्याला यंत्र बंद पडले होते.